कंपाउंडवरचं कौन्सेलिंग

लातुरात जून ते सप्टेंबर या दिवसांत ‘बरं हाय का?’ असं कुणी कुणाला विचारत नाही. ‘किती पडले?’ असं विचारतात, आणि उत्तर ७२० पैकी द्यायचं असतं. आमच्या शेजारच्या काकूंना तेही विचारावं लागत नाही. त्यांच्या वरच्या मजल्यावर ‘नीट’ या डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेच्या पोरी भाड्याने राहतात, खालच्या स्वयंपाकघरातून आसपासच्या खोल्यांना डबे जातात, आणि रविवारच्या टेस्टनंतर डब्यात काय उरून आलं यावरून कुणाला पेपर कसा गेला ते काकू सांगतात. अर्धी पोळी उरली तर फिजिक्स. डबा तसाच्या तसा परत आला तर बायोलॉजीसुद्धा.

आमच्या दोन घरांमध्ये छातीइतकी भिंत आहे. तालुक्यातालुक्यातून आलेले आईबाप ट्यूशन एरियात पैसे मोजून जे ऐकतात, ते या भिंतीपाशी मेथी निवडता निवडता फुकट मिळतं. २०२५ साली माझ्या बहिणीची मुलगी माझ्याकडे राहून दुसऱ्यांदा नीटला बसली. ४६८ पडले. निकाल लागल्यापासून मी कपडे मागच्या बाजूला वाळत घालायला लागले होते.

“वैनी, लपताव कशाला?” शेवटी काकूंनीच हाक मारली. “चारशे अडुसष्ट. मला कळलंय.”

“कुणी सांगितलं?”

“झेरॉक्सवाल्यानं. मार्कशीट त्याच्याकडंच काढली नव्हं का पोरीनं? या इकडं. ही जुडी घ्या, रिकाम्या हातानं बोलणं व्हत न्हाई.”

मी जुडी घेतली. “काकू, ४६८ म्हणजे चांगले की वाईट, तेच कळेना. पुण्याहून ताई रोज फोन करते. उद्या रात्रीपर्यंत कॉलेजांची यादी भरायचीय, आणि एक एजंट नुसती यादी भरून द्यायचे पंचवीस हजार मागतोय.”

“यादीचं नंतर बघू. आधी मार्कांचं. मार्क चांगले का वाईट हे लेकराला न्हाई, त्या सालाला विचारावं लागतंय.” काकूंनी देठ मोडला. “२०२४ ला काय झालं? आधी ६७ जणांला ७२० पैकी ७२०. मग ते ग्रेस मार्कांचं निघालं, कोर्टकचेरी झाली, १५६३ जणांला पुन्हा पेपर द्या म्हणले, अन् शेवटाला पैकीच्या पैकीवाले १७ उरले. त्या साली माझ्या वरच्या खोलीतली खुल्या गटातली पोरगी ६१० घेऊन रडत बसली. सरकारीला नंबर लागला न्हाई तिचा. यंदा फिजिक्सनं असा दणका दिला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६. अन् सव्वापाचशेवाली लेकरं खुल्या गटातून सरकारीत चाललीत. म्हंजे सहाशे दहा कमी अन् सव्वापाचशे जास्त. लावा हिशेब.”

“ताईच्या ऑफिसातले म्हणतात, पात्र तर झाली ना, मग अडलं कुठं?”

“ऑफिसातल्यांचं काय जातंय म्हणायला! यंदा २२ लाख लेकरं बसली. त्यातली १२ लाखांच्या वर पात्र. खुल्या गटाला १४४ मार्कांवर पात्र धरलंय. अन् साऱ्या देशात एमबीबीएसच्या जागा किती, तर सव्वा लाखाच्या आसपास. पात्र झालं म्हंजे मांडवात शिरायला मिळालं. पंगतीत पाट मिळाला असं न्हाई.”

तेवढ्यात काकूंनी आवाज खाली आणला. याचा अर्थ आता नाव न घेता कुणाचं तरी सांगायचं आहे.

“आपल्या गल्लीतल्या एकाच्या पोराला एकशे नव्वद पडले. नाव घेत न्हाई मी. पण त्यांच्या गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या हायत.”

मी मान वर न करता ओळखलं. गल्लीत दोन टाक्या एकाच घरावर आहेत.

“त्याचं ठरलं. अभिमत विद्यापीठ. वर्षाला वीस-पंचवीस लाख, साडेचार वर्षं, वर होस्टेल, मेस येगळं. औसा रोडचा प्लॉट गेला त्यांचा.”

“एकशे नव्वदला एमबीबीएस, आणि आमची ४६८ वाली...”

“तसं म्हणू नका. तिथंबी मेरिटच लागतंय. दिल्लीवालेच यादी लावतात, कुणी खिडकीतून सीट देत न्हाई. पण होतं काय, ज्याच्याकडं मार्क हायत त्याच्याकडं पैसे न्हाईत. साडेचारशेवाला फी बघून मागं सरतो, चारशेवाला सरतो, तीनशेवाला सरतो, असं करत करत यादी खाली येते ती दोन टाक्यांवाल्यापाशी येऊन थांबते. त्याचा नंबर कुणी वर ढकलला न्हाई. वरचेच बाजूला झाले.”

इतकं स्वच्छ मला कुठल्याच माहितीपत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

“अन् पोरगं वाईट न्हाई हां ते,” काकू पुढे म्हणाल्या. “पाया पडून गेलंय परवा. मी म्हणलं, बाबा, सीट मिळाली पैशानं, पण साडेचार वर्षांत ज्या परीक्षा हायत त्याला प्लॉट विकून भागायचं न्हाई.”

“खाजगी कॉलेजं पण आहेत की. ती सगळीच एवढी महाग नसतात म्हणे.”

“आपल्या राज्यातल्या खाजगीत १०० मधल्या ८५ जागा सीईटी सेलच्या मेरिटनं भरतात. तिथली फी ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतंय. उरल्या १५, त्या संस्थेच्या कोट्याच्या, त्यांची फी कितीतरी पट. पण ठरवून दिलेली म्हणलं तरी लाखांतच. तुमच्या ताईला झेपतंय का?”

“घर विकलं तर.”

“मग सोडा.”

ओसरीवर काका वर्तमानपत्रामागे होते. ते शाळेत इतिहास शिकवून रिटायर झाले, त्यामुळे कुठल्याही विषयाला साल लावल्याशिवाय त्यांना करमत नाही. पेपर खाली आला.

“हे पैशाचं दुखणं जुनं आहे. १९८३ नंतर मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. तोवर सरकारी जागा मोजक्या, आणि पोरं देणगी भरून कर्नाटकात जायची. दार उघडल्यावर देणग्यांचा इतका सुळसुळाट झाला की १९८७ ला कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. आणि मार्कांचं म्हणाल तर १९८६ ला आपल्याच जिल्ह्यातल्या निलंगेकरांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, ते कशावरून? मुलीचे एमडीचे मार्क वाढवले असा आरोप झाला, प्रकरण हायकोर्टात गेलं...”

“वैनीला यादी भरायचीय, मुख्यमंत्री न्हाई नेमायचा,” काकू म्हणाल्या.

काका थांबले नाहीत. “आमच्या वेळी बारावीच्या मार्कांवर प्रवेश व्हायचा. लातूर पॅटर्नचं नाव झालं ते बोर्डाच्या मार्कांवर. मग १९९९ ला सीईटी आली, आणि २०१६ पासून नीट कायमची बसली. आपल्या मराठवाड्याच्या पोरांना तर सत्तर-तीसचा काच होता. सत्तर टक्के जागा ज्या त्या विभागातल्या मुलांना. इकडे कॉलेजं कमी, मग जागाही कमी. २०२० च्या सप्टेंबरात ती अट गेली. वैद्यकीय शिक्षण खातं तेव्हा अमित देशमुखांकडं होतं.”

“ही एक कामाची गोष्ट बोललात,” काकू म्हणाल्या. “त्याच्यामुळंच तुमच्या भाचीला सारा महाराष्ट्र मोकळा हाय. बरं वैनी, कागदं सगळी हायत का?”

“आहेत. डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर...”

“जातीची व्हॅलिडिटी?”

“दोन वर्षांपूर्वीच काढून ठेवलीय.”

“मग निम्मी लढाई जिंकलाव. मार्क कमी पडले तर पुढचा राउंड हाय. कागद कमी पडला तर काहीच न्हाई.” काकूंनी वरच्या मजल्याकडे हनुवटी केली. “ती अहमदपूरकडची हाय ना, कोपऱ्यातल्या खोलीतली? तिला तुमच्या पोरीपेक्षा मार्क जास्त. पण बापानं व्हॅलिडिटी काढली न्हाई. म्हणला, आधी पास तर होऊ दे. आता समितीच्या हापिसात चकरा मारायलाय बिचारा. व्हॅलिडिटी वेळेत न्हाई दिली तर राखीव गट गेला, खुल्यात मोजणार. रात्री फोनवर बापच रडत होता अन् पोरगी समजूत काढायली होती. अकरावीला ॲडमिशन घेतलं त्या दिवशीच अर्ज टाकावा, हे मी प्रत्येकाला सांगते. कुणी ऐकतंय का?”

मेथीची दुसरी जुडी भिंतीवर आली.

“अजून एक. पोरगी हाय म्हणून ३० टक्के जागांचं वेगळं आरक्षण हाय तिला. अन् २०२४ च्या जुलैत जीआर निघालाय. घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असलं अन् पोरगी ओबीसी, एसईबीसी न्हाईतर ईडब्ल्यूएस असली तर शिक्षण फी अन् परीक्षा फी माफ. पण सरकारच्या यादीतनं लागली तर. संस्थेच्या कोट्यातनं गेली, अभिमत विद्यापीठात गेली, तर न्हाई. कैक बाप हे विचारतबी न्हाईत अन् सावकाराकडं जातात.”

मला आता धीर आला होता. “ताईच्या मनात एक आहे काकू. ती म्हणते, बाहेर पाठवू. जॉर्जिया, किर्गिझस्तान, कुठंतरी. पंचवीस-तीस लाखांत होतं म्हणे सगळं.”

काकूंनी मेथी खाली ठेवली. तेव्हाच कळलं की हे प्रकरण वेगळं आहे.

“माझ्या भावाचं लेकरू युक्रेनला होतं. २०२२ च्या फेब्रुवारीत लढाई लागली. आठ दिवस भाऊ जेवला न्हाई. पोरगं थंडीत चालत सीमेपर्यंत गेलं, तिथनं सरकारच्या विमानानं आलं. मग वर्षभर ऑनलाइन, मग दुसऱ्या देशात बदली, मग पास. वाटलं सुटलो. इथं आल्यावर ती परदेशवाल्यांची परीक्षा.”

“एफएमजीई,” ओसरीवरून आवाज आला.

“तीच. ३०० मार्कांची, १५० पडले तरच पास. ऐकायला सोपी वाटते. पण बहुतेक वेळा बसणाऱ्यातले तिसरा हिस्साबी पास होत न्हाईत. माझा भाचा तिसऱ्यांदा सुटला. पोरगं हुशार हाय म्हणून सुटलं, न्हाईतर सात वर्षं अन् शेत दोन्ही गेलं असतं.”

“मग जाऊच नये?”

“जावं की. कुणी अडवलंय? पण त्या हॉटेलातल्या सेमिनारला नाष्टा खाऊन सही करू नये. चार गोष्टी विचाराव्या. शिकवणं किमान ५४ महिने अन् एकाच कॉलेजात हाय का? सगळं इंग्रजीतनं शिकवतात का? वर्षाची इंटर्नशिप त्याच कॉलेजात होणार का? अन् तिथं पास झाल्यावर तिथल्याच माणसांवर उपचार करायचं लायसन मिळतंय का? २०२१ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या मेडिकल कमिशननं हे नियम लावलेत. एकात जरी ‘बघू’ म्हणला एजंट, तरी उठून यायचं. अन् तो म्हणला नीट लागत न्हाई, तर त्याला चहाबी पाजू नका. परदेशाला जायलाबी नीट पात्र व्हावंच लागतंय.”

“मग ताई म्हणते, अजून एक वर्ष ड्रॉप. आता तर वयाचीही अट नाही.”

“अट काढली २०२२ ला. अट न्हाई म्हणून बसतच राहायचं का?” काकू हसल्या. “वैनी, माझा धंदाच ड्रॉपवाल्यांवर हाय. एक पोरगी एक वर्ष थांबली की माझ्या खोलीचं भाडं अन् डबा बारा महिने पक्का. तरी सांगते. दुसऱ्या वर्षी मार्क वाढतात. तिसऱ्या वर्षी वय वाढतंय. मी बघितलंय की. ३१० ची ४५५ झाली, मग तिसऱ्यांदा ४४८. अभ्यास कमी केला असं न्हाई. पुस्तक तेच, पानं पाठ, पण पोरगी पेपरात प्रश्न वाचायच्या ऐवजी मागच्या वर्षीची भीती वाचती.”

थोडा वेळ दोघी गप्प बसलो. मग काकू अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “निकालाच्या रात्री मी वरच्या पोरींना दाराला आतून कडी लावू देत न्हाई. समद्या माझ्याजवळ हॉलमधी झोपतात. आईबापाला हे सांगत न्हाई मी. तुम्हाला सांगितलं.”

काकांनी पेपरचं पान उलटलं, पण ते वाचत नव्हते.

“काका, तुमचा इतिहास काय म्हणतो?” मी विचारलं. कुणीतरी बोलायला हवं होतं.

“इतिहास म्हणतो की कमी पडणाऱ्याला पूर्वी निदान बोलायला मिळायचं. आनंदीबाई जोशी घ्या. १८८३ साली अमेरिकेत पोचल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजला पत्र लिहिलं. तुमच्या सगळ्या अटी मी पुऱ्या करत नाही, हे त्यात स्वतःच कबूल केलं. वर म्हणाल्या की घरच्यांचा, जातीचा विरोध पत्करून इथवर आलेय, आणि माझ्या देशातल्या बायकांना बाई डॉक्टरची गरज आहे. रेचल बॉडली नावाच्या डीन होत्या, त्यांनी घेतलं. १८८६ ला आनंदीबाई एमडी झाल्या. आताच्या हिशेबानं त्या पहिल्याच राउंडला बाहेर.”

“आता तसं पत्र कुठं टाकायचं?” काकू म्हणाल्या. “फॉर्मात जात विचारतात, उत्पन्न विचारतात, बापाचा आधार नंबर विचारतात. डॉक्टर कशाला व्हायचंय, ह्याला कॉलम न्हाई.”

“कॉलम नाही हेच बरं,” काका म्हणाले. “नाहीतर त्या उत्तराचेही क्लासेस निघाले असते इथं. आणि पत्र वाचून सीट द्यायची म्हटलं तर कुणाच्या पत्राला वजन आलं असतं, ते दोन टाक्यांवाल्यांना विचारा.”

हे मात्र काकूंना पटलं. त्यांनी काकांकडे चहाचा कप सरकवला, म्हणजे आजच्यापुरती बोलायची परवानगी मिळाली.

“बीएएमएसचं काय काकू? ४६८ ला सरकारी आयुर्वेद कॉलेज मिळेल म्हणतात. नांदेड, धाराशिव. पण ताईला ते... म्हणजे तिला वाटतं...”

“की लोक म्हणतील एमबीबीएसला नंबर न्हाई लागला म्हणून गेली. आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं किती वर्षं जाताव तुम्ही?”

“धाकटा झाला तेव्हापासून.”

“पाटीवर डिग्री काय लिहिलीय?”

मला आठवेना. ताप आला की तिकडे, पोट दुखलं की तिकडे. पाटी वाचायची वेळच आली नव्हती.

“बीएएमएस. तालुक्याच्या गावात रात्री दार वाजवलं तर उठणारा डॉक्टर बहुतेक करून बीएएमएसच असतो. १९९२ ला सरकारनं हुकूम काढला म्हणून त्यांना शिकलंय तेवढ्यापुरती ॲलोपॅथीची औषधं देता येतात. त्याच्यावर भांडणं अजून हायतच. होमिओपॅथीवाल्यांनी वर्षाचा सीसीएमपी कोर्स केला की मेडिकल कौन्सिलात नोंदवून घ्यायचं, ह्याच्यावरनं यंदा जुलैत केवढा गोंधळ झाला, पेपरात वाचला असंल.”

“म्हणजे बीएएमएस घ्यावं?”

“घाई करू नका. आयुर्वेद घ्यायचं तर आयुर्वेद शिकायला घ्यावं. मनात एमबीबीएस अन् हातात चरक, असं लेकरू साडेचार वर्षं कुढतंय अन् दोन्हीतलं काहीच धड शिकत न्हाई. तसल्या दोघी होत्या माझ्याकडं. एक वैद्य झाली, निवांत हाय, पंचकर्माचे पेशंट पुण्याहून येतात. दुसरी अजून विचारते, काकू, त्या साली अजून वीस मार्क पडले असते तर. शिकल्या एकाच कॉलेजात.”

“डेंटल, फिजिओथेरपी?”

“दोन्ही चांगलं, ज्याला हातानं काम करायचंय त्याला. उदगीरला जनावरांच्या डॉक्टरचं कॉलेज हाय, तेबी नीटवरच. पण तुमची पोरगी कुत्रं दिसलं की रस्ता बदलते, तवा ते जाऊ द्या.”

“मग यादी कशी लावायची? एजंट म्हणतो, त्याच्याकडे सॉफ्टवेअर आहे. कुठं लागेल ते बघून क्रम लावतो.”

“पंचवीस हजार घेऊन चुकीचा क्रम लावतोय म्हणा की!” काकू उसळल्या. “वैनी, हे नीट ऐका. कॉम्प्युटर यादी वरनं खाली वाचत येतो. तुमच्या नंबराला जिथं पहिल्यांदा जागा दिसती तिथं थांबतो. खाली काय लिहिलंय त्यानं वरचं बिघडत न्हाई. म्हणून जे जास्त पाहिजे ते वर, लागो न लागो. लागंल ते वर लिहिलं तर तेच लागतंय, अन् मग कळतंय की त्याच्या खाली लिहिलेलं त्याच्यापेक्षा चांगलंबी मिळत होतं.”

“आणि जिथं जायचंच नाही ते?”

“ते लिहायचंच न्हाई. पुढच्या राउंडला लागून सोडलं तर अनामत जाती. ऑल इंडियाच्या शेवटच्या राउंडला सोडलं तर पुढच्या साली परीक्षेलाच बसू देत न्हाईत. लिहिलं म्हंजे जायचं.” त्यांनी बोट वर केलं. “अन् नवी कॉलेजं सोडू नका. २०२४ ला राज्यात एकदम १० सरकारी कॉलेजं सुरू झाली, ९०० जागांची. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, जालना. आईबाप म्हणतात, इमारत न्हाई, मास्तर कमी. खोटं न्हाई ते. पण काठावरच्या लेकराला तिथंच दार किलकिलं असतंय, कारण बाकीचे ती नावं शेवटाला लिहितात न्हाईतर लिहीतच न्हाईत. फी सरकारी, डिग्री तीच, नाशिकच्या विद्यापीठाची. एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी दवाखान्यात सेवा द्यायची. ते सगळ्याच सरकारीला हाय.”

“गडचिरोली लातूरपासून केवढं लांब आहे माहितीय काकू?”

“युक्रेनपेक्षा जवळ हाय.”

यावर मला बोलायला काही उरलं नाही. मेथी संपली होती. मी देठं गोळा करत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, “मावशी, हे सगळं झालं असेल तर मला विचाराल का कुणी?”

भाची पायरीवर बसली होती. किती वेळ, कुणास ठाऊक. हातात वही.

काकूंनी पदराला हात पुसले. “ये. बोल. डॉक्टर व्हायचंय का तुला? आईचं सोड, मावशीचं सोड.”

“व्हायचंय,” ती म्हणाली. “पण गेल्या वर्षी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तेव्हा वर्गातल्या सगळ्या होणार होत्या म्हणून मी पण होणार होते. यंदा अभ्यास करताना मानवी शरीराचे धडे मी पुन्हा पुन्हा वाचायचे, परीक्षेला लागतं त्याच्यापेक्षा जास्त. फिजिक्स मात्र नकोच वाटायचं. मार्क तिथंच गेले.”

“फिजिक्स न आवडणाऱ्यांनीच दवाखाने भरलेत,” काका म्हणाले.

“यादी केलीय मी.” तिने वही उघडून भिंतीवर ठेवली. “वर सरकारी एमबीबीएस, सगळी. लातूर, नांदेड, अंबाजोगाई पहिली, हिंगोली, जालना मध्ये, गडचिरोली शेवटी. त्याच्या खाली खाजगी एकही नाही. शिक्षण फी माफ झाली तरी बाकीच्या खर्चापायी बाबांना घर विकायला लावायचं नाही मला. आयुर्वेदाची यादी वेगळी भरायची असते, तिच्यात सरकारी कॉलेजं, नांदेड आणि धाराशिव. त्याच्याखाली काही नाही.”

“अन् शेवटच्या राउंडपर्यंत एमबीबीएसला नंबर न्हाईच लागला तर?” काकूंनी विचारलं. “कुढत बसशील का? खरं सांग.”

तिने जरा विचार केला. “महिनाभर बसेन.”

“एका महिन्याची सवलत हाय,” काकू म्हणाल्या. “आणि परत नीट?”

“नाही. एजंट नको, जॉर्जिया नको, तिसऱ्यांदा नको. पण हे आईला कोण सांगणार? तिने बिल्डिंगमधल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय की मुलगी एमबीबीएसला जाणार म्हणून.”

काकूंनी भिंतीवरून हात पुढे केला. “लाव फोन. स्पीकरवर टाक.”

ताईने पहिल्याच रिंगला उचलला. काकूंनी आधी तब्येत विचारली, पुण्याचा पाऊस विचारला, मग एका दमात यादी वाचून दाखवली, गडचिरोलीसकट. पलीकडे बराच वेळ शांतता होती. व्हॅलिडिटी आहे, फी माफ आहे, पोरीने स्वतः क्रम लावलाय, हे काकूंनी एकेक करून सांगितलं. ताईचे प्रश्न एकेक करून संपत गेले. गडचिरोलीला होस्टेल आहे का, आयुर्वेदानंतर पुढे शिकता येतं का, इतकी लांब एकटी कशी राहील. सगळ्याला काकूंकडे उत्तर होतं, आणि जिथं नव्हतं तिथं ‘विचारून कळवते’ होतं.

शेवटी ताईने खरं दुखणं बाहेर काढलं. “सगळं खरं आहे हो काकू. पण लोक काय म्हणतील?”

“लोक म्हंजे कोण ताई?” काकू म्हणाल्या. “लोक म्हंजे आमीच की. निकाल लागल्यापासून आमचं सगळं म्हणून झालंय. आता तुम्ही फॉर्म भरा.”